इलेक्ट्रिकल, एआय-डीएस की बी.एस्सी. फिजिक्स? धाकट्या बहिणीसाठी विचारतोय

तासगावचा_माळ:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरी अडीच एकर द्राक्षबाग, वडील शेती बघतात, मी डिप्लोमा मेकॅनिकल करून सात वर्षं झाली चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. बहीण यंदा बारावी झाली, सीईटीला पीसीएम ग्रुपमध्ये ९६ च्या पुढं पर्सेंटाइल आलेत. जेईईत विशेष नाही, आयसरची (सरकारी विज्ञान संशोधन-शिक्षण संस्थांची) परीक्षा दिली होती पण रँक फार मागं गेला, त्यावरून आठवडाभर जेवली नव्हती धड.

आता कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात तीन तोंडं तीन दिशेला. मामा म्हणतात कॉम्प्युटर सोडून काही बघूच नका, पुण्याच्या बाहेर एका नव्या खाजगी कॉलेजात एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स) मिळतंय ते घ्या. वडील म्हणतात सांगलीत वालचंदला इलेक्ट्रिकल लागलं तर ते घ्यायचं, घराजवळ आहे, जुनं नावाजलेलं कॉलेज आहे. आणि ती स्वतः म्हणते मला फिजिक्स आवडतं, बी.एस्सी. करणार, पुढं एम.एस्सी. आणि रिसर्च. तिच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमपण तिच्याच बाजूनं आहेत.

मला काय वाटतं ते पण सांगतो. मी मेकॅनिकल का घेतलं असं कोणी विचारलं तर आजही उत्तर देता येत नाही, लिस्टमध्ये नाव आलं म्हणून घेतलं. नोकरी आहे, पगार एक तारखेला होतो, त्यावर घरचं द्राक्षाचं कर्ज पण थोडं फिटलं, पण सात वर्षं तेच गेज हातात, तेच रिजेक्शनचे रिपोर्ट, रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. तिचं असं व्हायला नको एवढंच मनात आहे. पण नुसती आवड बघून पुढं नोकरीच नाही असंही व्हायला नको कारण बागेचा काही भरवसा नाही, दोन वर्षांपूर्वी अवकाळीनं सगळं गेलं होतं.

तर ज्यांनी स्वतः या डिग्र्या केल्यात त्यांनी सांगा की दहा-पंधरा वर्षांनी आज काय करताय, किती मिळतं, आणि सकाळी कामावर जावंसं वाटतं का. ऐकीव नको, स्वतःचं सांगा.


हिंजवडी_फेज_२:

दादा प्रश्न फार नीट विचारलात म्हणून वेळ काढून लिहितोय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, २०१० पासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे माझ्या डिग्रीचा आणि कामाचा थेट संबंध पहिल्या दिवसापासून नव्हता आणि आमच्या टीममध्ये निम्मे लोक असेच आहेत, मेकॅनिकलचे, सिव्हिलचे, एक तर बी.एस्सी. स्टॅटचा आहे आणि तो आमच्यात सगळ्यात चांगला आहे.

मामांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, सॉफ्टवेअरमध्ये वर जायची जागा बाकी शाखांपेक्षा जास्त आहे हे खरंच आहे. पण दोन गोष्टी मामांना सांगा. पहिली म्हणजे सीटा. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) एका शाखेत किती सीटा ठेवायच्या यावरची मर्यादा काढली, तेव्हापासून कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स याच्याच सीटा वाढवल्यात आणि शिकवायला माणसं तेवढी आहेत का हे कोण बघतंय. नव्या कॉलेजात एआय-डीएसच्या पाटीखाली नक्की काय शिकवतात ते तिथल्या थर्ड इयरच्या पोरांना गाठून विचारा, प्लेसमेंट ऑफिसला नको. दुसरी म्हणजे सुरुवातीचा पगार. मोठ्या कंपन्या कॉलेजातून शेकड्यानं पोरं उचलतात त्यांचं पॅकेज मी लागलो तेव्हा सव्वातीन होतं, माझा मावसभाऊ आत्ता लागला तो साडेतीनच्या आसपासच आहे, आणि या मधल्या काळात वाकडला वन बीएचकेचं भाडं कुठं गेलं ते तुम्ही चाकणला राहता म्हणजे तुम्हाला माहितीच असेल. मोठे आकडे ऐकू येतात ते खरे असतात पण ते ज्यांना कोडिंग खरोखर येतं त्यांना मिळतात, कॉलेजच्या पाटीवर मिळत नाहीत.

समाधानाचं विचारलंत. मला हे काम आवडतं, मनापासून सांगतो. रात्री अडीचला प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम) बंद पडलं, चार जण कॉलवर आहेत, लॉग बघता बघता एका ओळीत चूक सापडते तेव्हा जे वाटतं ते दुसऱ्या कशात नाही. पण याच नोकरीत माझ्या शेजारी बसणारा माणूस पाच वर्षं फक्त तिकीट (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करत होता आणि आजारी पडला. डिग्री दोघांची तीच, कंपनी तीच. त्यामुळे तुमची बहीण रिकाम्या वेळात काय करते ते सांगा. स्वतःहून काही प्रोग्रॅम लिहिलाय का कधी, कोणी न सांगता? नसेल तर फक्त स्कोप आहे म्हणून कॉम्प्युटर नको आणि असेल तरी ते नवं कॉलेज नको, वालचंदला इलेक्ट्रिकल घेऊन कोडिंग शिकता येईल.


थिसिस_जमा:

मी फिजिक्सवाली. कोल्हापूरला बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी., मग पुण्यातच पीएच.डी., आता वय ३४ आहे. तुमची बहीण कोणत्या वाटेनं जाणार आहे ते तिला आधी सगळं दिसायला हवं म्हणून काही झाकून ठेवत नाही.

वर्षं मोजू. बी.एस्सी. तीन (आता नव्या धोरणात ऑनर्स घेतलं तर चार), एम.एस्सी. दोन, मध्ये नेट किंवा गेट किंवा जेस्ट या प्रवेश-पात्रता परीक्षांच्या तयारीत एखादं वर्ष जातंच, पीएच.डी. पाच ते सहा. म्हणजे अठराव्या वर्षी सुरू केलं तर तीस गाठताना थिसिस जमा होतो. मध्ये पैसे येत नाहीत असं नाही, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० मिळतात (२०२३ च्या जानेवारीपासून हे दर आहेत), वर घरभाडं वेगळं. मी त्यातून घरी पैसे पाठवलेत. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असेल तर बी.एस्सी.ला इन्स्पायरची वर्षाला ८०,००० ची स्कॉलरशिप आहे, ती इंजिनिअरिंगला मिळत नाही, तेवढं जरूर बघा.

खरी अडचण थिसिसनंतर येते. पोस्टडॉकला बाहेर जायचं, दोन वर्षं एका देशात, दोन वर्षं दुसऱ्या, आणि मग परत येऊन जागा शोधायची. ज्यांना बाहेर जाणं जमत नाही, मला घरच्या कारणानं जमलं नाही, त्यांच्यासाठी राहतं सीनिअर कॉलेज. तिथं कायम भरती वर्षानुवर्षं अडकलेली असते आणि तोवर सीएचबीवर तासाच्या हिशोबानं शिकवायचं. मी तीन वर्षं सीएचबी केलं. सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, बिल सहा-सहा महिने येत नाही. सेट पास, नेट पास, पीएच.डी. आणि भावाकडून गाडीच्या पेट्रोलला पैसे मागायचे, हे मी केलंय आणि ते फार लागतं मनाला. आता एका कंपनीत ऑप्टिक्सच्या कामाला आहे, लेन्सवरचे पातळ थर मोजायचे, पगार नीट आहे आणि लॅबमध्ये शिकलेलं रोज वापरते.

आता हे पण वाचा. पीएच.डी.ची ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. माझ्या हातातल्या नमुन्यानं जे दाखवलं ते तोपर्यंत कोणी मोजलेलं नव्हतं, त्या रात्री मी एकटी लॅबमध्ये होते आणि सकाळी गाईडना सांगेपर्यंत झोप लागली नाही. त्यासाठी पुन्हा तेच करीन का तर करीन. पण माझ्या घरी तेव्हा वडिलांची पेन्शन होती, बाग नव्हती. म्हणून दादा मी तुम्हाला आवड की नोकरी असं विचारणारच नाही, मी विचारीन तुमचं घर तिच्या पहिल्या कायम पगाराची किती वर्षं वाट बघू शकतं. बारा बघू शकत असेल तर तिला फिजिक्स करू द्या आणि कुणी मध्ये बोलू नका. चारच बघू शकत असेल तर तेही तिला स्पष्ट सांगा, अठरा वर्षांच्या मुलीला ते कळतं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

अजून एक. इंजिनिअरिंग केलं म्हणजे फिजिक्स संपलं असं नसतं. टीआयएफआर, आयुका अशा संशोधन संस्थांत बी.टेक. झालेल्यांनाही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, तिथं आकाश बघणारे जेवढे लागतात तेवढेच त्या डिशचे सर्वो, रिसीव्हर, केबल सांभाळणारे इंजिनिअरही लागतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन असतं, तिला एकदा घेऊन जा.


वेर्णा_क्यूसी:

मी केमिस्ट्रीची आहे, तुमच्या यादीत नाही तरी लिहिते कारण बी.एस्सी. म्हटलं की लोकांना दोनच टोकं दिसतात, शास्त्रज्ञ नाहीतर बेकार. मधे खूप मोठी जागा आहे आणि आम्ही तिथं आहोत.

मूळची सावंतवाडीची, एम.एस्सी. ॲनालिटिकल, २०१४ पासून गोव्यात वेर्ण्याला औषध कंपन्यांत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला). सुरुवात १४,००० वर झाली, आज सेक्शन हेड आहे, घराचा हप्ता भागतो. दिवसभर एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र), स्टॅबिलिटीचे नमुने, मोबाईल फेज बनवा, कॉलम धुवा, क्रोमॅटोग्राम बघा, सही करा. एखादा रिझल्ट मर्यादेबाहेर गेला की चौकशी, कागद, पुन्हा चौकशी. शिफ्ट आहेत, लहान मूल असताना रात्रपाळीचे दोन वर्षं मला फार जड गेले. पण मी सही केल्याशिवाय बॅच बाहेर जात नाही आणि ती गोळी कुणाच्यातरी आईच्या पोटात जाते, त्यामुळे ह्या कामाला मी कधी हलकं मानलं नाही.

फक्त एक आहे, केमिस्ट्रीला हा आधार आहे तसा बी.एस्सी. फिजिक्सला सरळ नाही. म्हणजे नुसत्या डिग्रीवर आमच्याकडे मुलाखत होते तशी फिजिक्सवाल्याची कुठं होते ते मला तरी माहीत नाही. तिला प्रयोग करायलाच आवडत असेल तर केमिस्ट्रीचा विचार करायला काय हरकत आहे. नाहीतर नाही.


पॅनल_रूम:

नमस्कार दादा. मी इलेक्ट्रिकलची, कराडला शिकले, २००८ पासून ट्रान्समिशनमध्ये, सध्या उपकार्यकारी अभियंता. वडिलांच्या बाजूनं लिहायला आले नाही, इलेक्ट्रिकल चुकीच्या माणसानं घेतलं तर काय होतं तेही बघितलंय. आमच्या बॅचच्या साठातले वीस जण तरी आज विजेचं काही करत नाहीत, सॉफ्टवेअरला गेले, चार बँकेत आहेत, दोन एमपीएससीतून तहसीलदार झाले.

नोकरीचं आधी सांगते. सरकारी वीज कंपन्यांत भरती निघते पण दरवर्षी निघेल असं नाही, त्यामुळे त्याच्याच भरवशावर राहू नये. गेट दिलं की केंद्राच्या कंपन्या, बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) ट्रेनिंग स्कूल, एम.टेक. हे सगळं उघडतं आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. खाजगीत ट्रान्सफॉर्मर, स्विचगियर, ड्राइव्ह, आता सोलर, बॅटरी, गाड्यांचे चार्जर. देशानं २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म इंधनाच्या ५०० गिगावॉट क्षमतेचं उद्दिष्ट ठेवलंय, ती वीज कुठून तरी वाहून न्यावी लागणार, म्हणजे लाइनी आणि सबस्टेशनं. आपल्याकडे शेतीचे फीडर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनी) सोलरवर घेऊन दिवसा वीज द्यायचं काम चालू आहे ते तर तुमच्या गावातही दिसत असेल. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या चांगल्या पोरापेक्षा कमी असतो, साईटवर असाल तर भत्ता मिळतो पण धूळ-ऊनही मिळतं.

मुलगी म्हणून काय, हे तुम्ही विचारलं नाही पण घरात कोणीतरी विचारणार. मी लागले तेव्हा यार्डात लेडीज टॉयलेट नव्हतं, मी अर्ज करून करून ते बांधून घेतलं. सुरुवातीला ऑपरेटर माझं ऐकायचे नाहीत, मॅडमना काय कळतंय म्हणायचे. एकदा पावसात फीडर ट्रिप झाला आणि सगळे म्हणत होते लाइनवर झाड पडलंय, मी रिलेचं (बिघाड ओळखून लाइन तोडणाऱ्या उपकरणाचं) रेकॉर्ड काढून सांगितलं की फॉल्ट एवढ्या किलोमीटरवर आहे, तिथं जाऊन बघा. इन्सुलेटर फुटलेला सापडला. त्यानंतर विषय संपला.

आणि समाधान. २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल, सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, सबस्टेशनं पाण्यात गेली. आम्ही नऊ दिवस घरी गेलो नाही. पाणी ओसरल्यावर पॅनल उघडले तर आत चिखल, एकेक रिले काढून धुऊन, वाळवून, तपासून परत बसवला. ज्या रात्री फीडर चार्ज केला त्या रात्री कंट्रोल रूमच्या गच्चीवरून बघितलं, एकेक वस्ती उजळत गेली. मला पगार किती वाढला ते वर्ष आठवत नाही, ती रात्र आठवते.

आता मला तुमच्याकडून एक हवंय. बहिणीला फिजिक्स आवडतं म्हणजे नक्की काय आवडतं? पुस्तकातली गणितं सोडवायला आवडतात, तारे बघायला आवडतात, की वस्तू उघडून बघायला आवडतात? या तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि बारावीत तिघांनाही आपण एकच नाव देतो.


भूजल_नोंदी:

थोडक्यात लिहितो. मी भूशास्त्रात एम.एस्सी., पाण्याच्या कामात आहे, विहिरींची पातळी मोजत मराठवाडाभर फिरतो. विज्ञानात राहायचं असेल आणि लवकर नोकरी हवी असेल तर फिजिक्स-केमिस्ट्रीपलीकडे बघा, भूशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे. भूशास्त्रवाल्यांसाठी यूपीएससीची वेगळी जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, संख्याशास्त्राला आयएसएस (भारतीय सांख्यिकी सेवा) आहे. स्पर्धा आहेच पण मुळात या विषयांना जाणारेच कमी. उन्हात फिरायची तयारी हवी. मला पंधरा वर्षांत कंटाळा आला नाही.


तासगावचा_माळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी कोणासाठी लिहीत नाही. काल रात्री बहिणीला, आई-वडिलांना शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं, मामांना फोनवर. सीएचबीचं वाचताना वडील मध्येच उठून बाहेर गेले, परत आल्यावर म्हणाले आपण चार-पाच वर्षं कशीतरी ओढू, बारा नाही. ते त्यांनी तिच्यासमोर पहिल्यांदाच बोलून दाखवलं. ती रडली नाही, म्हणाली बरं झालं सांगितलं.

पॅनल रूमवाल्या ताई, तुमच्या प्रश्नावर तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला. मग आतून एक वही आणली, मला ही वही माहीतच नव्हती, मी चाकणला असतो. आमच्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आहे, ती दोन वर्षांत तीनदा जळाली, दरवेळी वायंडिंगचे पैसे. हिनं अकरावीच्या सुट्टीत माझा जुना क्लॅम्प मीटर घेतला आणि लाइट आल्यापासून दर पाच मिनिटांनी व्होल्टेज आणि करंट लिहून ठेवलाय, चाळीस-पन्नास दिवसांचं आहे, काही पानं रात्री दीडची आहेत कारण तेव्हा रात्रपाळीची वीज होती, वडील टॉर्च धरून उभे असायचे. तिला त्यात असं दिसलं की लाइट आल्या आल्या पहिली दहा मिनिटं ४१५ च्या जागी ३४०-३५० व्होल्टच मिळतात आणि करंट वाढलेला असतो, नंतर हळूहळू सुधारतं. कारण त्या डीपीवरच्या (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांनी ऑटो स्विच लावलेत, लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात. मग हिनं बाजारातून टायमर आणून आमच्या स्टार्टरला जोडला, आमची मोटर पंधरा मिनिटांनी सुरू होते. तेव्हापासून जळालेली नाही, वर्ष होऊन गेलं. वडिलांना वाटत होतं नवीन वायंडिंगवाला चांगला भेटला.

हे वाचून तुम्हीच सांगा आता हे फिजिक्स की काय. तारे बघायला पण आवडतात म्हणते ती, खोडदचं वाचून डोळे मोठे झाले होते.


थिसिस_जमा:

दर पाच मिनिटांनी, रात्री दीडला, कोणी सांगितलेलं नसताना. माझ्या गाईडना अशी विद्यार्थिनी मिळाली असती तर त्यांनी नाचायचं बाकी ठेवलं असतं. दादा ती वही जपून ठेवा. ताईला सांगा, इलेक्ट्रिकल घेतलं तरी तिच्यातलं जे आहे ते कुठं जाणार नाही, आणि आता इंजिनिअरिंगला दुसऱ्या विषयाचं मायनर घ्यावं लागतंच, त्यात बघून काय घेता येईल ते घे. चार वर्षांनी पुन्हा फिजिक्स डोक्यात असेल तर मला इथंच लिही, जेस्टची माझी सगळी वह्या-पुस्तकं पाठवते.


हिंजवडी_फेज_२:

मामांना माझा नमस्कार सांगा. ते वाचन आता वहीत न लिहिता कंट्रोलरनं आपोआप नोंदवून घ्यायचं, त्याला फार तर दोन हजाराचं सामान लागेल, प्रोग्रॅमिंग शिकायला याच्यापेक्षा चांगली सुरुवात नाही. पहिल्या सेमिस्टरच्या सुट्टीत करू दे, अडली तर मी आहे.

फॉर्म भरताना एक लक्षात ठेवा, पहिल्या राउंडला पहिल्याच नंबरचा ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, तेव्हा पहिल्या नंबरवर जे खरंच हवंय तेच टाका. आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे पण प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ते नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलला गर्दी असते.


तासगावचा_माळ:

दाखला सोमवारी मिळतोय. फॉर्म काल भरला, तिनं स्वतः भरला, मी फक्त शेजारी बसलो. पहिल्या नंबरला वालचंद इलेक्ट्रिकल, मग कराड, मग तिच्या मनानं दोन-तीन, एआय-डीएस टाकलंच नाही. सांगलीत बी.एस्सी.चा फॉर्मपण भरून ठेवलाय, इंजिनिअरिंगचं काही चांगलं लागलं नाही तर भलत्या कॉलेजात जाण्यापेक्षा फिजिक्स करणार असं ठरलंय आणि वडिलांनी त्यालाही होकार दिलाय.

पॅनल रूमवाल्या ताईंना तिचा एक प्रश्न आहे, तिच्या शब्दात टाकतो: "वीज कंपनीवाले म्हणतात मोटरीला कपॅसिटर लावा, करंट कमी होतो. मी लावून बघितला. स्टार्टरच्या आधी मीटर लावला तर करंट कमी दाखवतो पण मोटरच्या केबलला लावला तर पहिल्याएवढाच. मग नक्की कमी काय झालं?"


पॅनल_रूम:

ताई, तुझं दोन्ही वाचन बरोबर आहे. मोटरला फिरायला चुंबकीय क्षेत्र लागतं, त्याच्यासाठीचा करंट मोटर घेणारच, तो कमी होत नाही. आधी तो करंट पार डीपीपासून तुझ्या विहिरीपर्यंत वायरीतून यायचा, आता तो कपॅसिटर देतो, म्हणजे कपॅसिटर आणि मोटर यांच्यामध्येच फिरत राहतो. त्यामुळे कपॅसिटरच्या अलीकडं कमी, पलीकडं तेवढाच. जे कमी झालं ते लाइनमधलं. आणि लाइनमधला करंट कमी झाला की लाइनमध्ये पडणारं व्होल्टेजही कमी पडतं, म्हणजे मोटरला थोडं जास्त व्होल्टेज मिळायला हवं. तू एकटीनं लावलास तर तो फरक फार बारीक असेल, डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर दिसेल. किती फरक पडतो ते तुझ्या वहीतल्या जुन्या पानांशी ताडून बघ, लाइट आल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांचं वेगळं आणि नंतरचं वेगळं. शेजारच्या दोघा-तिघांना तयार करता आलं तर कर, कपॅसिटर फार महाग नसतो. त्यांचे ऑटो स्विच आधी काढायला लाव मात्र.

आणि मोटर बंद केल्यावर कपॅसिटरला लगेच हात लावू नकोस, आत चार्ज राहतो. आकडे आले की इथं टाक.